गुलाबीच्या जागी पांढरी

रुग्णाचे नाव:

ही ओळ गोळीबाईने कोरीच सोडली. नाव तिला एकोणीस वर्षं तोंडपाठ होतं, पण ते आपल्या अक्षरात उमटवायचं तिच्या जिवावर आलं.

रुग्णालयाच्या औषध-खिडकीमागे एक टेबल, तीन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा मावेल एवढी खोली होती, ती तिची. आकडीच्या गोळ्या नेणाऱ्या प्रत्येकाला आधी तिच्यासमोर बसावं लागे. होती ती फार्मासिस्ट, पण सगळे गोळीबाई म्हणत, काही तोंडावर, बाकीचे पाठीमागे. तिचा छापील तक्ता होता. त्यातले प्रश्न संपले की रुग्णाने सगळं आपल्या शब्दांत तिला उलट सांगायचं. नुसती मान हलवली तर ती सही करत नसे. मान तर पंखाही हलवतो, म्हणायची.

आज समोर बसलेल्या म्हाताऱ्याला तिने दारातच ओळखलं होतं. तिच्या लहानपणच्या गल्लीतला औषधांचा दुकानदार. सगळी गल्ली त्याला काका म्हणायची. त्याने मात्र तिला ओळखलं नव्हतं.

प्रश्न १. आकडी कधीपासून येते?

उत्तर शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, काकूंनी दिलं. पक्षाघात होऊन गेला, त्यानंतर पाच महिन्यांत तीनदा; गोळ्या आजवर बाहेरच्या दुकानातून आणत होतो. म्हातारा मध्येच तोडून म्हणाला की हिला काय विचारता, मी चाळीस वर्षं दुकान चालवलंय, तुमच्या जन्माआधीपासून गोळ्या विकतोय.

प्रश्न २. गोळी चुकते का?

"अख्ख्या गल्लीला गोळ्या चारल्या," काकू म्हणाल्या, "स्वतःवर पाळी आली तर लहान पोरासारखं तोंड मिटून बसतात."

प्रश्न ३. गोळीचा रंग, आकार किंवा कंपनी बदलली आहे का?

हा प्रश्न मूळ तक्त्यात नव्हता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने तो पेनाने घुसवला आणि पुढच्या छपाईत साहेबांच्या मागे लागून छापून घेतला. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती बारा वर्षांची होती. दादाच्या आकडीच्या गोळ्या आणायला तिलाच पिटाळत. गोळ्या गुलाबी असायच्या. त्या दिवशी पांढऱ्या मिळाल्या. ती टाचा उंचावून फळीला लोंबकळली आणि म्हणाली, काका, ह्या वेगळ्या आहेत. त्याने मागच्या गिऱ्हाइकाकडे बघत हात झटकला. "तेच आहे. जा."

घरी तिने तेच सांगितलं. दादा म्हणाला, तुला काय कळतंय, चुकीची पट्टी उचलून आणलीस. पट्टी फडताळात गेली. आई म्हणाली, वेळ मिळाला की मी विचारून येते. वेळ मिळायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दादा आंघोळीला गेला, आणि दार फोडून त्याचा देह बाहेर काढावा लागला.

कंपनी वेगळी, औषध तेच. काका खोटं बोलला नव्हता. तेच तर तिला चावत होतं.

आणि आज गुलाबी गोळ्या संपल्या होत्या. भांडारात दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्या आल्या होत्या, डॉक्टरांनी त्या चालतील असं लिहून दिलं होतं. नियम एवढाच, की बदल रुग्णाला नीट समजावून सांगायचा. गोळीबाईने पट्टी उचलली, टेबलावरून सरकवली आणि खिडकीकडे बघत म्हणाली,

"तेच आहे. घ्या."

एकोणीस वर्षं जिभेवर घोळवलेले शब्द. गोड लागले.

प्रश्न ३. (पुन्हा)

म्हाताऱ्याने पट्टी उलटसुलट केली, चष्मा काढला, परत लावला. नाव वाचता येत होतं, तरी खात्री पटेना. औषधं विकण्यात जन्म गेलेला माणूस, पण स्वतःच्या घशाखाली जायची वेळ आली की सगळे सारखेच.

"ही माझी नाही. माझी गुलाबी असते."

गोळीबाई खिडकीकडेच बघत राहिली. त्याने पट्टी काकूंकडे दिली, काकूंनी ती पिशवीत टाकली, चष्म्याच्या घराखाली, रुमालाखाली, अगदी तळाशी. गोळीबाईला तो तळ ओळखीचा होता. तिथे गेलेली पट्टी चार दिवस वर येत नाही.

प्रश्न ४.
प्रश्न ५.
प्रश्न ६.

विचारले नाहीत. सही ठोकली. न विचारता केलेली तिची पहिली सही.

दोघं उठली. म्हातारा पुढे झाला, काकू दाराशी घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं ऐकतील. तेवढं सांगा ना यांना. आंघोळीला जाताना आतून कडी लावतात. मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असते. आवाज थांबला की जीव खालीवर होतो माझा."

गोळीबाईच्या आईनेही पाण्याचा आवाज ऐकला होता. नळ बराच वेळ वाहत राहिला, म्हणून ती निर्धास्त होती.

"परत बसा," ती म्हणाली. आणि म्हाताऱ्याला, "तुम्ही इथे. माझ्या खुर्चीत."

तिला दया आली असं कुणी म्हणू नये. चार दिवसांत तो सुटला असता, आणि दाराबाहेर उभी राहिली असती दुसरीच बाई. सूड असा भलत्या पत्त्यावर जाऊ द्यायचा नसतो.

प्रश्न ७. उलट सांगा.

पिशवीच्या तळातून तिने पट्टी काढून घेतली आणि टेबलाच्या अलीकडे उभी राहिली.

"मी गिऱ्हाईक. बारा वर्षांची. भावाच्या आकडीच्या गोळ्या न्यायला आलेय. दर वेळी गुलाबी असतात, आज तुम्ही पांढऱ्या दिल्यात. काका, ह्या वेगळ्या आहेत. आता काय सांगाल?"

म्हातारा हसला. "तेच आहे म्हणायचं. दुकानात गर्दी असते हो."

"भाऊ म्हणाला, चुकीची आणलीस. घेतली नाही."

"कितवा दिवस?" हे म्हाताऱ्याच्या तोंडून आपोआप निघालं. आतला दुकानदार जागा झाला होता.

"पाचवा. आंघोळीला गेला. आतून कडी होती."

काकूंनी खुर्ची जवळ ओढली. म्हातारा पट्टीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "तू कुणाची गं?"

तिने सांगितलं. गल्लीच्या टोकाचं घर, दारात शिवणयंत्र. त्याने डोळे बारीक केले, कपाळ चोळलं, प्रामाणिकपणे शोधलं.

"नाही आठवत."

एकोणीस वर्षं तिने जे उराशी धरलं होतं, त्याला याच्या डोक्यात उभं राहायलाही जागा मिळाली नव्हती. क्षणभर तिला वाटलं, पट्टी ठेवावी परत तळाशी.

"आठवू नका," ती म्हणाली. "सांगा. गिऱ्हाईक उभं आहे."

तो अडखळत बोलू लागला. "बाळ, कंपनी बदललीय, म्हणून रंग बदललाय. औषध तेच, ताकद तीच. जुन्या संपल्या की ह्या सुरू करायच्या, दोन्ही एकदम नाही. एकही दिवस बंद करायची नाही. चुकली तर आठवेल तेव्हा एक, पण दुपटीने नाही. घरच्यांना शंका आली तर..." इथे त्याने काकूंकडे पाहिलं. "तर त्यांना लगेच माझ्याकडे पाठव."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस सेकंद. एवढाच वेळ लागतो. पुन्हा."

त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी काकूंनी पदर डोळ्याला लावला, पण मध्ये पडल्या नाहीत. मग गोळीबाईने चार, पाच, सहा विचारले. कडी आजच स्क्रू काढून उतरवायची, असं काकूंना बजावलं. जुनी सही खोडून नवी केली आणि तक्त्याच्या तळाशी लिहिलं: दर महिन्याला उलट सांगणे. त्याशिवाय गोळी नाही.

"दर महिन्याला?" म्हातारा म्हणाला. "किती दिवस?"

"जगाल तितके. आणि तुम्ही पुष्कळ जगणार आहात, काका. मी बसलेय ना इथे."

दोघं गेली. तिने कोऱ्या ओळीवर नाव लिहिलं. बाहेर बोळातून त्याचा चिडका आवाज येत होता; काकूंनी काहीतरी विचारलं असावं. "अगं, कंपनी बदललीय, म्हणून रंग बदललाय..."

पेन हातात धरून ती मोजत राहिली. सदतीस.

तीन सेकंद खाल्ले. पुढच्या महिन्यात वसूल करायचे होते.