उघाडीच्या अलीकडे

मोठागावच्या नव्या पुलावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. समोर पारसिकचा डोंगर, खाली ऐसपैस पसरलेली खाडी, त्यात बुडणारा सूर्य. अख्खी डोंबिवली फोटो काढायला इथेच येते. मला या गर्दीचा मनापासून राग येतो. तरी त्या दिवशी मीच आईबाबांना रिक्षात घालून तिथे नेलं, कारण आईला तिच्या पहिल्या मुलाची जागा बघायची होती.

तो माझ्या आधीचा. महिनाभराचा असताना तापाने गेला. आमच्यात इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बाया सोबत जात नाहीत, वर दगडही ठेवत नाहीत, आणि पुरुष घरी परतले की कुणी काही विचारत नाही. खाडीकाठी तेव्हा आमचं मिठागर होतं. त्याच्या बांधावर कुठेतरी त्याला ठेवलाय, एवढंच आईला ठाऊक. आता मिठागर गेलं, तिवरांचं रान माजलं, खाली उतरायला वाटच उरली नाही. त्यात आईचा डावा डोळा गेलेला. उजवाही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "पुलावरनं तरी मना दाखवा." एरवी कशालाही आधी नाही म्हणणारे बाबा मुकाट्याने चपला घालून निघाले.

कठड्याशी जागा मिळवायला मला दोन पोरींवर खेकसावं लागलं. आईने डोक्यावर पदर घेतला.

"ती उघाडी दिसतं ना?" बाबांनी हात लांब केला. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं ते जुनं दार. त्याचे काळे खांब अजून चिखलात उभे होते. "तिच्या अलीकडं."

आईने हात जोडले. "धाकू," ती पुटपुटली. त्याला नाव होतं हे मला तेव्हा कळलं. बराच वेळ ती त्याच्याशी बोलत राहिली. मग तिने विचारलं, "करंजाच्या सावलीला ठेवला का?"

"हां. करंजाखालीच."

"करंज तर उघाडीच्या पलीकडं व्हता."

बाबांचा हात खाली आला. वयामुळे विसरले असतील असं मला वाटलं. "बाबा, नीट आठवा ना," मी चिडून म्हटलं.

ते कठडा धरून उभे राहिले. "मी नाय जेलतू त्याला ठेवाया," शेवटी म्हणाले. "माझं पायच उठनात. माझा बापूस एकलाच जेलता. परत आला नि मना बोलला, गोदाला सांग, तू पन व्हतास."

आजोबा वारून कैक वर्षं झाली. जागा त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

मला बाबांचा संताप आला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. आई मात्र रडली नाही, भांडलीही नाही.

"तुमी आगरान कामाला जायचे," ती म्हणाली. "मना वाटायचं, पोराचा बापूस हाय त्याच्याजवल. म्हनून मी घरान निवांत असायची."

"गोदा," बाबा म्हणाले.

"आंटी, तुमचं झालं का?" मागून एका मुलीने मोबाइल सावरत विचारलं. आई लगेच बाजूला झाली. खाडीवर ऊन अजून होतं, पण तिने परत तिकडे पाहिलं नाही.

"घरी चल, नयन," ती म्हणाली. "आता डोला ऱ्हायला काय नि जेला काय."