आबासाहेबांची मजबुती

दारात गाडी उभी करून सासऱ्यांनी तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तेव्हा वैजयंती कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आली.

"बघ वैजू, आता हत्तीनं धडक दिली तरी हलायचं न्हाय!" आबासाहेब स्टेअरिंगवर थाप मारून म्हणाले.

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याची, अभिमन्यूची ही गाडी बार्शी रोडला उभ्या ट्रॉलीवर आदळली होती. स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा त्या वेळी आत सरकला. गॅरेजवाला म्हणाला, नवा दांडा बसवा. आबासाहेबांना ते पटेना. त्यांनी गाडी तिथून सोडवली, जुनाच दांडा ओढून सरळ केला आणि ओळखीच्या वेल्डरकडून पक्का जोडून आणला. कुणाला विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हतीच.

वैजयंतीनं कपाळावर हात मारला. "आबा, तो सरकावा म्हणूनच तसा केलेला असतो! एका नळीत दुसरी नळी. धडक बसली की दांडा आखडतो, छातीत घुसत नाही. म्हणून तर हे वाचले. गॅरेजवाल्यानं आम्हा दोघांना दाखवलं की!"

"त्याला नवा माल खपवायचाय. जे वाकतंय ते कसलं लोखंड? लेकराच्या हातात मोडकं स्टेअरिंग देऊ व्हय मी?"

पालथ्या घड्यावर पाणी! पण तिचा खरा संताप नवऱ्यावर होता. बार्शीला कामावर निघालेला हा शहाणा, जेवणाचा डबा हातात धरून टायरकडे बघत उभा. मघाशी आबांचा फोन आला तेव्हा घरात तिला म्हणाला होता, "राहू दे गं, जपून चालवीन. पुढं गुपचूप बदलून घेऊ." जपून चालवणार म्हणे! समोरचा जपून चालवणार आहे का?

ती गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "तुम्ही बोला. नाहीतर आज ही गाडी बार्शीला जात नाही."

अभिमन्यूनं डबा बॉनेटवर ठेवला. "आबा, ती म्हणती ते खरं हाय."

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन तरी बसणार हुतास ह्यात?"

"तुमी एवढ्या हौसेनं करून आणलं. तुमाला वाईट वाटलं असतं."

आबासाहेब गाडीतून उतरले. दोन पावलं चालले आणि पायरीवर मटकन बसले.

"मला वाईट वाटू नगं म्हणून मरणार हुतास व्हय रं?"