पंचवीस शिरा, पंचवीस कप

डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, वहीत पंचवीस जणांचं रक्त काढल्याची नोंद हवी होती, प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा घेऊन. त्याशिवाय सोमवारी परीक्षेला बसू देणार नव्हते. मंचरच्या लॅबमध्ये वर्षभर मी बाटल्याच धुतल्या होत्या. माझ्या हातात सुई दिसली की पेशंट बाही खाली ओढायचे. शेवटी लॅबच्या डॉक्टरांनी सीलबंद सिरिंजा आणि बर्फाचा डबा दिला, हिमोग्लोबिन फुकट तपासून देतो म्हणाले, आणि मला माझ्याच गावी, आण्याला पिटाळलं.

आमच्या वस्तीत रक्ताला कुणीच नाही म्हणालं नाही. पण चहा घेतल्याशिवाय कुणी उठू देईना. पाच घरांत मिळून एक कप घेतो, असं मी सुचवून पाहिलं.

"आमचं रक्त चालतं कपिल, अन् चहा चालत नाय व्हय?" धम्मपालदादानं विचारलं.

मग घेत गेलो. कप ठेवायला वहीशिवाय जागा नसायची.

शनिवारी तेरा झाले, रविवारी दुपारपर्यंत अकरा. जेवलो कधी ते आठवत नव्हतं. पोटात बकरीच्या दुधाच्या चहाचं तळं साचलं होतं आणि हात शिवणयंत्रासारखा थडथडत होता. उरली लंकामावशी. वय सत्तर, शीर सुतळीएवढी. दोनदा हुकलो. हुकलेलं वहीत धरत नाहीत आणि चारची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

मावशीनं मोकळ्या हातानं माझं मनगट आवळलं, वासराचं दावं आवळावं तसं.

"शीर कुठं पळतीय? हात पळतोय तुझा. घाल आता."

रक्त आलं. अंगठ्यासाठी वही पुढे केली, तर कोपरावर कापूस दाबून ती चुलीकडे गेली. आधी चहा, मग अंगठा.

सोमवारी बाहेरगावचे परीक्षक आले. माझ्या आधी वर्गातल्या भरतचा नंबर होता. त्याची वही कोरीकरकरीत, पंचवीस सह्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या. त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितलं. मग माझी वही उघडली. पानोपानी तपकिरी गोल. एका पानाला बिस्कीट चिकटलेलं.

"हे काय आहे?"

"चहा, सर. घरटी एक."

त्यांनी सगळी पानं उलटली, एक अंगठा नखानं खरवडून पाहिला आणि सही केली. मग माझ्या तोंडाकडे बघून शिपायाला म्हणाले, हा फार दमलाय, याला चहा आण.

मी नको म्हणणार होतो. पण शिक्का मारायचा राहिला होता.