खिडक्यांच्या फटी

बायको जाऊन दोन महिने झाले आणि शिंप्याच्या घरात वासाचे किडे शिरले. तपकिरी, चपट्या पाठीचे, नखाएवढे. थंडी पडू लागली की उबेला येतात, आणि चिरडले की असा घाण वास सोडतात की पुढ्यातलं ताट बाजूला सारावं. पडद्यावर किडे, उशीवर किडे, गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीतही किडे. तीस वर्षांत या घरात असा एक किडा दिसला नव्हता. का दिसला नव्हता, हे त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं.

उत्तर मेहुणीकडून मिळालं. बायकोची ही धाकटी बहीण आठवड्यातून एकदा येऊन घर आवरून जायची. बाकी कुणी आता फिरकत नव्हतं.

"फटीफटींत चिंध्या कोंबल्या होत्या ताईनं," ती केर काढता काढता म्हणाली. "काळ्याकुट्ट झालेल्या. मी मागेच उपसून फेकल्या."

शिंप्याची कात्री कापडात थांबली. "कुणाला विचारून?"

"चिंध्या फेकायला विचारायचं असतं होय, भावोजी?"

"माझ्या बायकोनं बसवलेल्या होत्या त्या! तुझ्या बापाच्या नव्हत्या!"

"तिचा बाप आणि माझा बाप एकच."

"चालती हो. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

मेहुणीनं केरसुणी टाकली आणि पिशवी उचलली. चप्पल घालून ती दारात वळली. "माझ्यावर कशाला ओरडता? तीस वर्षं ती तुमच्या पायाशी बसून कतरण वेचत होती. कशाला नेतेस, म्हणून एकदा तरी विचारलंत?"

त्याचा राग आणखी चढला. कतरणीचं बोचकं उपडं करून तो खिडकीत चिंध्या कोंबू लागला. एका कोपऱ्यात कोंबतोय तोवर त्याच्या नाकासमोर दुसऱ्या कोपऱ्यातून एक किडा सावकाश आत आला, घर स्वतःचं असल्यासारखा.

"अशा नाही सापडायच्या फटी," मेहुणी दारातूनच म्हणाली. "बाहेर ऊन आहे. आत अंधार करा."

तिनंच दार लोटलं, काचांवर घोंगडी टांगली. खोली काळोखी झाली तशा उजेडाच्या बारीक रेघा दिसू लागल्या. चौकटीखाली, नळ आत येतो तिथं, वर छताला लागून.

"रुंद चिंधी दे," तो म्हणाला.

"ही घ्या."

"सुती नको. सुती चिंधी दबून बसते, मग गळते. लोकरीची दे, ती फुगून धरून..." तो बोलता बोलता थांबला. बायको नेहमी कोटाचीच कतरण का वेचायची, ते आज कळलं. आणि त्यालाच कळायला हवं होतं. सगळं आयुष्य कापडात गेलेलं.

छताजवळच्या फटीला हात पुरेना. तो स्टूल घेऊन चढला, भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला.

"इथं कशी चढायची ती? गुडघा धड वाकत नव्हता तिचा."

"चढायची. तुम्ही मशीनवर असायचात."

"मग हाक मारायची ना मला! तोंड शिवलं होतं का तुझं?" तो छताकडे बघून ओरडला. ती गेल्यापासून तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता. आवाज भिंतींवर आदळून परत आला.

"मारली असेल हाक," मेहुणी म्हणाली. "मशीनच्या खडखडाटात कुणाला ऐकू येते?"

त्यानं चिंधी कात्रीच्या टोकानं ठासली, इतकी की भिंतीचा रंग उडाला. खाली उतरला. उरलेले किडे साबणाच्या पाण्यात झटकून टाकले. मेहुणीनं घोंगडी काढून घडी केली आणि पुन्हा पिशवी उचलली.

"निघते मी. हाकललंयत तुम्ही."

"थांब."

"आता काय?"

"माझं भांडण संपलेलं नाही," तो म्हणाला. अजून तो धुसफुसतच होता. "आणि तिच्याशी भांडता येत नाही."

मेहुणीनं पिशवी खाली ठेवली. चपला मात्र काढल्या नाहीत.

"बोला," ती म्हणाली.