आधी बसायचं

“कसलं जंगल, साहेब? हे तर शिडीवरून पडलेत!” रंगाऱ्याची बायको गोंधळून म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पडला. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि ते म्हणाले होते, ‘ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.’ मास्तरांनी शब्दाला शब्द लावला आणि ‘ते अजून जंगलातून बाहेर आलेले नाहीत’ असे ठणकावून सांगितले. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस! पण दुभाषी म्हणून लागून दोनच दिवस झाले होते.

दुभाषी मावशी पुढे झाल्या. भिंतीजवळची खुर्ची ओढून त्या बाईच्या अगदी समोर बसल्या.

“वहिनी, त्यांचा जीव अजून अधांतरी आहे. धोका टळलेला नाही. पण डॉक्टर झटतायत.”

“असं होय,” बाई म्हणाली आणि तिने पहिल्यांदाच डॉक्टरांकडे पाहिले.

बाहेर आल्यावर मास्तर कुरकुरले, “अहो, पण जंगल कुठे गेलं?”

“राहू दे की तिकडेच! त्यातली भीती तेवढी उचलायची.” मावशी हसल्या. “आणि उभ्याने कधी सांगू नका, मास्तर. आधी बसायचं.”

मावशी शिकलेल्या सातवीपर्यंत. याच वॉर्डात फरशी पुसता पुसता त्यांनी इंग्रजी कानाने उचलले होते. पूल आल्यावर ओलांडू, असे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की त्या सांगत, ‘त्या वेळचं त्या वेळी बघू.’ ऐकणाऱ्याला वाटे, डॉक्टर आपल्याच आळीतले! मास्तरांना आधी राग आला, मग हेवा वाटला, आणि तिसऱ्या दिवशी ते निमूट वही घेऊन त्यांच्यामागे फिरू लागले. असा गुरू त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता.

शनिवारी मावशी निवृत्त झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “मरणाला मात्र म्हण लावू नका. म्हणीत माणूस आशा शोधतो.”

सोमवारी दुपारी रंगाऱ्याची बायको धुतलेले कपडे आणायला घरी निघाली होती. पिशवी खांद्याला लावलेली. तेवढ्यात डॉक्टर आले आणि हळूच म्हणाले, ‘वुई हॅव रीच्ड द एंड ऑफ द रोड.’

मास्तरांच्या जिभेवर चार वाक्प्रचार आले. हात टेकले, देवावर हवाला... एकेक अस्सल मराठी. चारही त्यांनी गिळले. खुर्ची ओढली आणि बाईच्या समोर बसले.

“वहिनी, घरी जाऊ नका. ते आता वाचणार नाहीत. संध्याकाळपर्यंतही राहतील असं डॉक्टरांना वाटत नाही. त्यांच्याजवळ बसा.”

 बाईने पिशवी खाली ठेवली.

“बरं झालं सांगितलंत. मी निघालेच होते.”

मास्तर उठले. आपली खुर्ची त्यांनी पलंगाशी नेऊन ठेवली. बाई तिच्यावर बसली, नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि त्याच्या नखांत सुकलेला निळा रंग आपल्या नखाने हळूहळू काढू लागली.