पडायला शिकलेली पैलवानीण

मो गाउलचा डावा गुडघा गेला तो हरल्यामुळे नाही, न हरण्याच्या हट्टामुळे. सिरुम या कोरियन कुस्तीत वाळूला गुडघा किंवा त्याच्या वरचं काहीही टेकलं की कुस्ती गेली. म्हणून जीव गेला तरी पडायचं नाही, हेच तिच्या अंगात भिनलेलं. दानोच्या सणातल्या कुस्तीत ती पडता पडता लटकून राहिली, अंग फिरलं, पाय मात्र वाळूत रुतलेला.

शस्त्रक्रिया झाली. फिजिओथेरपिस्ट हान सोराने तिला एका पायावर खुर्चीतून उठायला लावलं, पायरीवरून सावकाश उतरायला लावलं. सुकलेली मांडी पुन्हा भरली, दुखणंही थांबलं. पण आखाड्यात उतरली की गाउल सगळा भार उजव्या पायावर टाकायची आणि कालच्या पोरी तिला लोळवायच्या.

तिचे प्रशिक्षक प्यो सर यांनी साफ सांगितलं, "सोल्लालच्या, नव्या वर्षाच्या सणातल्या कुस्त्या शेवटच्या. जमलं तर ठीक, नाहीतर जागा मोकळी कर."

"पाय बरा आहे," सोरा म्हणाली. "भीती वाटते ती पडण्याची. चल वाळूत, आज पडायला शिकायचं."

"डोकं फिरलंय का तुझं? पडायला काय शिकायचं?"

"तुला येतं कुठे? तुला नुसतं धडपडता येतं."

हनुवटी छातीशी, पाठ गोल, पाय मोकळा सोडायचा. गाउल पुन्हा पुन्हा पडत राहिली. शरमेने तिचे कान तापले.

"ताई, आम्ही फुकटात पाडलं असतं की!" पोरी खिदळल्या.

हिवाळ्याच्या तोंडावर, घरोघरी किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांत आईकडे कोबीची टोपली घेऊन ती जिना उतरली. खाली पोचल्यावर लक्षात आलं, प्रत्येक पायरीवर डावा पायही बिनघोर पडला होता. कोबी तिथेच ठेवून ती हमसाहमशी रडली.

सोल्लालला समोर आली एकोणीस वर्षांची दाबिन. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिल्यात दाबिनने पायात पाय अडकवला आणि गाउल शिकवल्यासारखी पडली. सरांनी कपाळाला हात लावला. गाउल उठली, वाळू झटकली. गुडघा गप्प होता. एवढंच होतं होय, असं तिला वाटलं, आणि दुसऱ्या डावात डावा पाय घट्ट रोवून तिने दाबिनला उचलून आपटलं.

तिसऱ्यात दाबिन कलली, पण पडेना. तिचं अंग फिरत होतं आणि पाय वाळूत रुतला होता. गाउलला दानोची आपली कुस्ती आठवली. आणखी एक पीळ दिला की कुस्ती नक्की हातात. तिने पीळ सोडला. त्या क्षणी दाबिन निसटू शकली असती, उलट गाउललाच पाडू शकली असती. गाउलने छाती लावून तिला सरळ मागे रेटलं आणि दाबिन पाठीवर पडली.

पंचाचा हात गाउलकडे गेला. दाबिन वाळूवर मुठी आपटत रडू लागली. "अजून थोडा तग धरला असता ना, ताई, तर जिंकले असते!"

"गुडघा शाबूत आहे का?"

दाबिनने पाय हलवून पाहिला. "आहे."

"मग रड खुशाल," गाउल म्हणाली आणि तिला हात धरून उठवलं.