भोंग्याच्या डब्यातली जागा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. तिवशाकडल्या एका नदीकाठच्या गावात भोंग्याखाली टांगलेला. धरणाचा संदेश आला की तो पोटात साठवायचा आणि भोंग्यावरून मोठ्यानं वाचायचा, हे माझं काम. पोटातल्या त्या जागेला बफर म्हणतात.

मला अकोल्यात शेखरनं बनवलं. संदेश पाठवणारी माधवी अमरावतीला राजापेठेत बसते. दोघांसाठी नियमांचा एकच कागद होता. त्यात लिहिलं होतं, 'संदेशाची लांबी: ६०'. बस्स, एवढंच! माधवीनं साठ अक्षरं धरली. शेखरनं धरले साठ बाइट, म्हणजे माझ्या पोटातली साठ घरं. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. मराठीत अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेलाही तीन. आणि चाचणी घेतली ती इंग्रजीत! मी खणखणीत वाचलं, गावानं नारळ फोडला, मीही फुगलो.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी साडेतीनला पहिला खरा संदेश आला: 'चार वाजता धरणाचं पाणी सुटणार. नदीतून वर या.' निम्म्यातच माझं पोट भरलं. अर्धवट संदेश वाचायचा नाही, असा मला हुकूम. मी तो टाकून दिला. खाली कोरड्या पात्रात गावातली सुभद्राबाई आपल्या वेलांच्या वाडीतली डांगरं, म्हणजे खरबुजं, तोडत होती. मला ती दिसत होती हो!

माझी पोच मिळेना म्हणून माधवीनं तोच संदेश पुन्हा धाडला. पुन्हा तेच. तिनं पंचायतीत फोन लावला, कोणी उचलेना. चारला पाच मिनिटं उरली. मग संदेश लांब पडतोय की काय, म्हणून तिनं दोनच शब्द पाठवले, 'वर या'. ते मावले. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. सुभद्राबाई टोपली टाकून पळाली. काठ चढेपर्यंत पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. वाडी मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी माधवी आणि शेखर गावात आले. कागदात साठच होतं, असं दोघंही सांगत राहिले. सुभद्राबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"बाजारात कोनी मले साठ म्हनलं, तं मी पयले इचारतो, साठ नग का साठ किलो," ती म्हणाली. "तुमी एकमेकाले इचारलं नाई काहून?"

शेखरनं तिथंच माझी जागा वाढवली आणि कागदावर लिहिलं, '१८० बाइट'. मित्रांनो, आकडा लिहाल तेव्हा तो कशाचा, हेही लिहा. तो एक शब्द राहिला म्हणून बाईची वाडी वाहून गेली, आणि बाईही गेली असती.